घरटी एक माणूस

मी समाजशास्त्र शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे घडलं ते वाचताना कुणाला माझी कीव येणार नाही, राग येईल. तो यायलाच पाहिजे.

शिकवतो म्हणजे तासिका तत्त्वावर. ब्रह्मपुरीहून जीपनं पाऊण तासावर, रस्त्याच्या कडेला आमचं कॉलेज आहे. तिथं मला दर पावसाळ्यात नव्यानं नेमतात आणि दर उन्हाळ्यात मोकळं करतात. माझं गाव कॉलेजला लागूनच. घरी आई आणि मी, दोघंच.

आईचा आवाज हा आमच्या घरातला वेगळाच विषय आहे. ती रस्त्याच्या ह्या बाजूनं बोलली की त्या बाजूचा बैल कान टवकारतो. एकदा कॉलेजसमोरच्या टपरीवर मी प्राचार्यांबरोबर चहा पीत उभा होतो. माझ्या हातात पुस्तक होतं आणि मी काहीतरी गंभीर बोलत होतो. तेवढ्यात पलीकडून आरोळी आली, "ओ बाबू! डब्बा इसरला! वांग्याची भाजी हाय, सांडशीन!" त्यानंतर महिनाभर पोरं मला वांगे सर म्हणत होती. आईला फोन घेऊन दिला, तर ती फोन हातात धरून ओरडते. म्हणते, "फोन कायले लावू, तू तं दिसून राह्यला."

तर फेब्रुवारीत प्राचार्यांनी बोलावलं. गडचिरोलीला एक मोठी संस्था उन्हाळी शाळा भरवणार होती आणि त्यासाठी दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांकडून अभ्यासक्रमांचे आणि कार्यशाळांचे प्रस्ताव मागवले होते. आमच्याकडे उन्हाळ्यात कुत्रीसुद्धा उभ्या एसटीखाली झोपतात आणि एसटी हलली की शिव्या दिल्यासारखं बघत दुसऱ्या एसटीखाली जातात. अशा दिवसांत शाळा भरवायची कल्पना कुणाच्या तरी थंड हवेच्या खोलीत निघाली असणार. पण हे मी बोललो नाही, कारण प्राचार्य पुढचं वाक्य बोलत होते.

"आपल्या कॉलेजचा एक तरी प्रस्ताव मंजूर झाला पाहिजे," ते म्हणाले. "झाला आणि पार पडला, तर पुढच्या वर्षीचे तुमचे तास तुमचेच. नाही झाला तर..." आणि त्यांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. मला समजलं.

प्रस्तावाचा नमुना चौदा पानांचा होता. शीर्षक, उद्दिष्टं, अध्ययन निष्पत्ती, सहभागींसाठी पूर्वअट, मूल्यमापनाची पद्धत, साधनव्यक्तीचा परिचय, संदर्भग्रंथ. साधनव्यक्ती म्हणजे शिकवणारा माणूस. तसं लिहिलं असतं तर पानं कमी भरली असती. आणि शेवटी ठळक अक्षरांत अट होती : विषय स्थानिक ज्ञानावर आधारित हवा आणि तो लोकसहभागातून पुढे आलेला हवा.

लोकसहभाग म्हटल्यावर मला कोतवालभाऊ आठवले. आमच्या गावात काही जाहीर करायचं असलं की कोतवालभाऊ दवंडी देतात. पूर्वी डफडं असायचं, आता भोंगा आहे, एवढाच फरक. मी एका कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहून दिलं : ज्या ग्रामस्थांकडे इतरांना शिकवण्याजोगं पारंपरिक ज्ञान असेल, अशा इच्छुकांनी रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात भेटावं. पाच-सहा जाणती माणसं येतील, चहा घेऊ, चार विषय निघतील, असा माझा हिशेब.

शनिवारी संध्याकाळी भोंगा वाजला. "ऐका हो ऐका! उद्या सकाळी आठ वाजता शाळेत घरटी एक माणूस पाह्यजे हो! कॉलेजचं काम हाय हो! मागून मंग बोलाचं नाई हो!"

मी पळत गेलो. "भाऊ, घरटी एक माणूस कुठं लिहिलं होतं मी? इच्छुक लिहिलं होतं."

"इच्छुक म्हटलं तं कोण येते, सर?" कोतवालभाऊ शांतपणे म्हणाले. "इच्छुक आपल्या गावात कोणीच नाई."

आता इथं माझं समाजशास्त्र उघडं पडलं. आमच्याकडे तलावाची पाळ फुटली, कुणाच्या घरचं लग्न आलं, नहराचा गाळ काढायचा असला, की दवंडी होते आणि घरटी एक माणूस जातो. काय काम आहे हे कुणी विचारत नाही. ज्या घरचा माणूस आला नाही, त्या घराला कुणी काही म्हणत नाही, फक्त पुढच्या लग्नात त्यांच्या मांडवात पाणी वाढायला माणूस मिळत नाही. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, त्यामुळं मला तो येत नव्हता.

रविवारी सकाळी अख्खं गाव व्हरांड्यात. निम्म्यांच्या खांद्यावर फावडी, बाकीच्यांच्या हातात घमेली. पुढं उभे असलेले आबाजी म्हणाले, "खोदाचं कुठी हाय?"

मी समजावून सांगितलं की खोदायचं नाही, शिकवायचं आहे. ज्याला जे येतं ते त्यानं सांगायचं आणि मी लिहून घेणार. मग आबाजींनी फावडं भिंतीला टेकवलं आणि म्हणाले, "मंग ओळीनं चला." आणि ओळ लागली, शाळेच्या फाटकाबाहेरपर्यंत.

पहिला आला जीपवाला. त्याला नऊ जणांच्या जीपमध्ये सतरा माणसं बसवता येतात आणि उतरताना कुणाची चप्पल कुणाच्या पायात जात नाही. मी लिहिलं : 'मर्यादित अवकाशाचे सामूहिक व्यवस्थापन.' मोहर्लीला सफारीची गाडी चालवणारा एकजण सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, "वाघ दिसला नाई तरी पाहुणा खूश होऊन गेला पाह्यजे. थे मी शिकवतो." मी लिहिलं : 'अपेक्षांचे व्यवस्थापन.' एका काकूंना चुलीवरच्या पालथ्या मटक्यावर हातभर लांब पोळी करता येत होती. त्यांची अट एकच, कणीक ज्याची त्यानं आणायची. ती मी पूर्वअटीत टाकली. एका निवृत्त कारकुनाला असा अर्ज लिहिता येत होता की जो तहसीलमधून परतच येत नाही. "मंजूर होतो का?" मी विचारलं. "परत येत नाई," ते म्हणाले. 'प्रशासकीय संवादाचे व्यवस्थापन.' मधून मधून माणसं नुसतीच येत आणि म्हणत, "मले काई येत नाई. हजेरी लावून टाका." मी हजेरी लावत होतो.

दहाच्या सुमाराला मान वर केली तर समोर आई.

"तू काऊन आली?" मी खालच्या आवाजात विचारलं.

"घरटी एक माणूस म्हटलं ना," ती तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, म्हणजे फाटकापर्यंत ऐकू गेलं. "तू तं लिहून राह्यला. लिहिणारा मोजल्या जात नाई. आपल्या घरचं कोण मंग?"

"बरं. तुला काय येतं?"

"मले बोलता येते."

सगळा व्हरांडा हसला. मीही हसलो, आणि अंगाची लाही लाही झाली ती वेगळीच. मी पेन खाली ठेवलं. तेव्हा तिच्यामागं उभी असलेली नागभीडवाली पुढं आली. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात, त्यामुळं आमच्या गावात अर्धा नकाशा राहतो. नागभीडवाली म्हणाली, "कायले हासता? लिही मास्तर. आमी जित्या हावो तं तिच्या बोलण्यानं."

हसणं थांबलं. कारण सगळ्यांना सावलीवाली आठवली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मोहफुलं वेचायला नऊ जणी जंगलात गेल्या आणि आठ जणी परत आल्या. सावलीवाली स्वभावानंच कमी बोलायची. त्यामुळं ती बोलत नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. वाघानं नेली हे कळलं तेव्हा टोपल्या भरून झाल्या होत्या. त्या वर्षापासून मोह असो की तेंदूपत्ता, बायकांच्या ओळीच्या मधोमध माझी आई असते आणि ती बोलत राहते. एकेकीला हाक मारते, जिला हाक मारली तिनं बोलायचं. जी बोलली नाही, तिच्यासाठी अख्खी ओळ जागच्या जागी थांबते. तेंदूपत्त्याच्या दिवसांत आई पहाटे जाते आणि ऊन चढल्यावर आवाज बसलेला घेऊन येते, हे मला माहीत होतं. मी तिला ज्येष्ठमध आणून देत असे. एवढं बोलायची गरज काय, असंही दरवेळी म्हणत असे.

त्या आठवड्यात घरी बसून मी पाच प्रस्ताव लिहिले. चौदा-चौदा पानं, निष्पत्त्यांसकट. सहावा लिहायला घेतला तेव्हा बोटं दुखत होती आणि माझ्याकडचं व्यवस्थापन संपलं होतं. शीर्षकाच्या जागी लिहिलं : 'जंगलात बोलत कसं राहावं.' साधनव्यक्ती : 'माझी आई.' शिक्षण : 'चौथी.' संदर्भग्रंथ : 'नाहीत.' मूल्यमापनाची पद्धत तिलाच विचारली. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "जेवढ्या गेल्या तेवढ्या वापस आल्या, तं पास." मी तसंच लिहिलं.

एप्रिलच्या सुरुवातीला उत्तर आलं. पाच नामंजूर, कारण एकच : 'अशाच स्वरूपाचे प्रस्ताव मोठ्या संख्येने प्राप्त.' दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक मास्तरानं कशाचं ना कशाचं व्यवस्थापन पाठवलं होतं. सहावा मंजूर. कार्यशाळा एका दिवसाची, जागा आमचं गाव, सहभागी किमान वीस. वीस झाले नाहीत तर कार्यशाळा रद्द.

प्राचार्यांनी पत्र दोनदा वाचलं. "बोलत कसं राहावं?" ते म्हणाले. "आपल्या कॉलेजात हा प्रश्न कुणालाच नाही. असो. वीस माणसं आणा."

आईची अट वेगळीच होती. तेंदूपत्ता सुरू व्हायच्या आत काय ते उरका, कारण एकदा पत्ता सुरू झाला की ती कुणाच्या बापाला सापडत नाही. त्यामुळं एप्रिलचा शेवट ठरला. आणि कार्यशाळेच्या आदल्या दुपारपर्यंत नावं आली आठ. दोन प्राध्यापक, तीन संशोधन करणारी मुलं, मुलचेऱ्याकडची एक बंगाली घरातली शिक्षिका आणि संस्थेच्या समन्वयक बाई, ज्यांनी संख्या फुगवायला स्वतःचं आणि स्वतःच्या ड्रायव्हरचं नाव घातलं होतं. मी यादी घेऊन ओसरीवर बसलो. बारा माणसं कमी होती आणि माझे पुढच्या वर्षीचे तास ह्या बारा माणसांवर लोंबकळत होते. मला रडूच यायचं बाकी होतं.

आईनं विचारलं, "का झालं?" मी सांगितलं. ती उठून कोतवालभाऊंकडे गेली. थोड्या वेळानं भोंगा वाजला. "उद्या पहाटे घरटी एक माणूस हो! कॉलेजचंच काम हाय हो! फावडे आणू नका हो!"

पहाटे शाळेसमोर पाहतो तर पुन्हा अख्खं गाव. जीपवाला, काकू, कारकूनसाहेब, आबाजी, सगळे. दोघातिघांनी फावडी आणलीच होती, असू द्यावीत म्हणून. मी आनंदानं सहभागींच्या सह्या घेत होतो. प्राचार्य आले नव्हते, पण त्यांनी फोन करून त्यांची सही करून टाकायला सांगितलं होतं. ती मी केली. आमच्याच कॉलेजातल्या आणखी दोन न आलेल्या प्राध्यापकांच्याही केल्या. कॉलेजात असतं ते असं.

कोतवालभाऊ घरं मोजत माझ्यापाशी आले. "मास्तर, तुमच्या घरचं माणूस?"

"आई आहे ना."

"थे तं शिकवून राह्यली. शिकवणारी मोजल्या जात नाई. तुमीच लागा ओळीत."

कार्यशाळा भरवणाऱ्यानं विद्यार्थी होऊ नये असं चौदा पानांत कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी ओळीत लागलो, अगदी शेवटी.

गावामागं मोहाची झाडी आहे, तिथून पुढं जंगल सुरू होतं. वनरक्षकभाऊ काठी घेऊन सोबत होते. आईनं आधी नीट समजावून दिलं. हातभर अंतरावर कुणी चालायचं नाही, सगळ्यांनी पसरायचं, पानं बघत जायचं. हाक आली की जबाब द्यायचा. नुसतं 'हाय' म्हटलेलं चालणार नाही.

"का बरं?" एका प्राध्यापकांनी वहीत लिहिता लिहिता विचारलं.

"'हाय' तं कोणीबी म्हणन, साहेब," आई म्हणाली. "शेजारची म्हणन. मी इचारतो थे सांगा, जे दुसरीले मालूम नाई. जंगलात दुसऱ्याची हजेरी लावता येत नाई."

माझ्या खिशात तीन खोट्या सह्या होत्या. मी झाडांकडे पाहू लागलो.

मग ती सुरू झाली. "ओ नागभीडवाली! पोरीचा फोन आला का?" लांबून उत्तर, "आला! जावई बिमार हाय!" "ओ आबाजी! दात दुखते का?" "दुखते!" "ओ साहेब! बायको का म्हणे येताना?" प्राध्यापक गोरेमोरे झाले, पण बोलले, "लवकर या म्हणाली!" सगळं जंगल हसलं. मुलचेऱ्याच्या शिक्षिकेला मराठी पटकन सुचेना, ती बंगालीत काहीतरी म्हणाली. आई खूश. "कोणत्याबी भाषेत बोल बाई, पर बोल!" गावात जिला सगळे भोंगा म्हणतात ती बाई दोन्ही हात कमरेवर ठेवून चालत होती, आणि तीसचाळीस माणसं तिला आपल्या घरातल्या भाज्या, दुखणी आणि भांडणं ओरडून सांगत होती. मला मान्य करावं लागलं की एवढा लक्ष देणारा वर्ग मला कधी मिळालेला नाही.

मी मागं राहिलो. अहवालाला फोटो हवे होते, त्यात ठिकाणाचा पत्ता उमटलेला हवा होता, आणि त्या झाडीत मोबाईलला पत्ता सापडत नव्हता. एका पळसाआड उभा राहून मी फोन वर धरला होता.

"ओ बाबू! सकाळी का खाल्लं?"

मी ऐकलं. हे कबूल करतो. पण संस्थेच्या बाई पुढं होत्या, प्राध्यापक होते, पोरं होती. एवढ्या लोकांसमोर मी सकाळी काय खाल्लं हे ओरडून सांगू? वांगे सर एकदा झालो होतो, तेवढं पुरे होतं. जाईल पुढच्या नावाकडे, म्हणून मी गप्प बसलो.

"ओ बाबू!"

फोनमध्ये पत्ता येतच होता. मी बोललो नाही.

तिसरी हाक आली तेव्हा मी ओळखलंच नाही की ती आईची आहे. तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हताच तो. आणि त्यानंतर सगळं बंद झालं. पायाखालचा पाचोळासुद्धा वाजेना. अख्खी ओळ जागच्या जागी थांबली होती. मग नागभीडवाली काठीनं झाडाचं खोड बडवू लागली, मग दुसरी, मग सगळ्याच, आणि बडवत बडवत सगळ्या माझ्या दिशेनं वळल्या. जीपवाला आणि आबाजी फावडी उगारून पळत येत होते. वनरक्षकभाऊ सगळ्यांच्या पुढं.

मी पळसाआडून बाहेर आलो. "इथीच हाय," मी म्हणालो.

आई समोर येऊन उभी राहिली. एक मारेल असं वाटलं, मारली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, दोनदा.

"का खाल्लं सकाळी?" तिनं विचारलं.

"शिळा भात," मी म्हणालो.

"आयकू नाई आलं."

"शिळा भात! अन् चटणी!" मी ओरडलो. माझा आवाज फाटला.

"हाव," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. मग ओळीकडे वळून, "चाला आता. ओ साहेब! पुढं का म्हणे मंग बायको?"

मी तिथंच उभा राहिलो. दर उन्हाळ्यात पहाटेपासून ऊन चढेपर्यंत ही बाई असंच एकेका जबाबाची वाट बघत असते, आणि मी तिला ज्येष्ठमध देऊन गप्प बस म्हणत होतो. मला स्वतःची लाज वाटली. खिशातली यादी काढून मी तिन्ही सह्या खोडल्या. तरी सहभागी विसाच्या वरच होते.

जेवढे गेलो तेवढे परत आलो, त्यामुळं सगळे पास. प्रमाणपत्रं संस्थेनं नंतर पाठवली. गावात घरटी एक लागली आहे. आमच्या घरात माझी आहे. प्राचार्यांना मिळालं नाही, त्यावरून ते काही दिवस गप्प होते, पण तास त्यांनी दिले.

आता मी वर्गात हजेरी घेताना 'येस सर' चालवून घेत नाही, सकाळी काय खाल्लं ते विचारतो. आपल्या दोस्ताची हजेरी लावणारी पोरं पोहे आणि उपमा यांत अडकतात. आणि परवा पुन्हा प्राचार्यांबरोबर टपरीवर चहा पीत होतो, तेव्हा पलीकडून आरोळी आली, डब्बा इसरला म्हणून. मी चहाचा कप खाली ठेवला आणि रस्त्याच्या ह्या बाजूनं, बैलानं मान वळवून पाहावं इतक्या जोरात ओरडलो, "हाय ओ, माय! येतो!"